हिवाळ्यात तलावात उतरून गरी टाकण्याचा क्रम: आधी काठ, मग पाणी

धान कापून झालं आणि बांध्या कोरड्या पडल्या, की भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर गरी घेऊन येणारे वाढतात. त्यातले बरेच जण गुडघाभर, मांडीभर पाण्यात उतरतात. काठालगत देवधान, कमळाची पानं आणि बेशरमीची झुडपं इतकी दाटलेली असतात, की बाहेरून टाकलेली गरी मोकळ्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून उतरणं चुकीचं नाही, चुकतो तो क्रम. लोक पहाटेच्या गारठ्यात येतात, आल्या आल्या पाण्यात शिरतात, पायाशी असलेला मासा उधळून लावतात आणि मासा लागत नाही म्हणून खोल पाण्याकडे सरकत जातात. रिकामी चुंगडी घेऊन परतणं हा त्यातला लहान तोटा आहे. दरवर्षी तलावात माणसं बुडतात, आणि त्यात पोहता येणारेही असतात.

पुढे सांगितलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा जमला नाही, तर त्या दिवशी काठावरूनच गरी टाका.

१. आधी विचारा: कोणाचा तलाव, कुठे जाळी, कुठे खड्डे

तलाव जिल्हा परिषदेचा असो की पाटबंधारे खात्याचा, त्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. संस्थेच्या ढिवर बांधवांनी पावसाळ्यात आपल्या पैशाने बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडलेली असते. तो मासा त्यांच्या वर्षभराच्या पोटापाण्याचा आहे. तेव्हा संस्थेच्या माणसाला भेटल्याशिवाय गरी काढायची नाही. गडचिरोलीत ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारा. नागझिरा, ताडोबा, पेंच यांच्या हद्दीतला कुठलाही तलाव यादीतून आधीच काढून टाका. तिथे गरी टाकणं गुन्हा आहे, आणि ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत.

परवानगीसोबत माहितीही मिळवायची असते. "काका, जाळी कोणत्या बाजूनं लावली हायेत?" एवढा एक प्रश्न विचारला, तरी समोरचा माणूस अर्धा तलाव समजावून सांगतो. पण तीन गोष्टी नेमकेपणाने विचारून घ्या.

पहिली, उभी जाळी. बारीक नायलॉनचं जाळं पाण्यात दिसत नाही. पायाला गुंडाळलं की सुटायला वेळ लागतो, आणि दुसऱ्याचं जाळं फाटतं ते वेगळंच.

दुसरी, खड्डे. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गेल्या काही वर्षांत 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत आणि बाकीच्या कामांत खूप तलावांतला गाळ, मुरूम यंत्राने काढला गेला. पोकलेनने खणलेल्या खड्ड्याची कड उतरती नसते, सरळ उभी असते. पावसाळ्यात पाणी भरलं की वरून काहीच कळत नाही. गुडघाभर पाण्यात चाललेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात जातो. "मी लहानपणापासून या तलावात उतरतो" हा भरवसा अशा तलावात चालत नाही. लहानपणीचा तळ आता राहिलेला नाही.

तिसरी, मोरी (तलावातून शेतीला पाणी सोडायचं दार) सुरू आहे का. रब्बीसाठी किंवा उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं असेल, तर मोरीजवळ ओढ असते आणि पाण्याची पातळीही उतरत असते. या दोन्हींचा पुढे संबंध येतो.

> तपासा: परवानगी मिळाली? जाळी, खड्डे आणि मोरी या तिन्हींबद्दल कोणीतरी माहीतगाराने सांगितलं? सोबत येणारा एक माणूस ठरला? एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, ही अट सगळ्यांत वरची.

२. दिवस आणि वेळ: पहाट सोडा

"मासा पहाटे लागतो" हे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी खरं असतं. डिसेंबर-जानेवारीत तेच धरून बसलात, तर हात गारठतील आणि मासा लागणार नाही.

कारण साधं आहे. उथळ पाणी रात्री लवकर थंड होतं, खोल पाणी उशिरा. गोंदिया-नागपूरकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सूर्योदयाच्या वेळी तलावातलं सगळ्यात गार पाणी काठालगतच्या उथळ भागात असतं. मासा थंड रक्ताचा असल्यामुळे पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि तो खोलाकडे जाऊन स्थिर राहतो. शिवाय काठाशी वनस्पती दाट असेल, तर रात्रभर त्या श्वसनासाठी पाण्यातला प्राणवायू ओढत असतात. त्यामुळे पहाटे त्या पट्ट्यात प्राणवायूही सगळ्यात कमी असतो.

दहा-अकरानंतर चित्र पालटतं. ऊन लागलं की उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा लवकर तापतं. दुपारी दोन ते चारच्या सुमारास उथळ पट्टा दिवसातला सगळ्यात उबदार असतो. रोहू, मृगळ आणि बारीक मासा त्या उबेला चरायला वर येतो, आणि त्यांच्या मागे मरळ हलायला लागतो. तुमचीही वेळ तीच: साडेअकरा ते चार. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारला बाहेर आलात की कपडे बदलून उजेडात घरची वाट धरता येते. जंगलालगतच्या तलावावर तर हा नियम सक्तीचा समजा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी-मोरगाव या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या काठी वाघ, बिबट, अस्वल यांचा वावर असतो.

दिवस निवडताना सलग दोन-तीन दिवस निरभ्र ऊन पडलेलं आणि वारा मंद असलेला दिवस बघा. थंडीची लाट आल्याचा पहिला-दुसरा दिवस घरी राहा. ढगाळ, अवकाळी पावसाची चिन्हं असलेला दिवसही सोडा, कारण ऊन नसेल तर उथळ पाणी तापत नाही.

> तपासा: स्वस्तातला थर्मामीटर दोरीला बांधून गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं सोडा. १८ अंशांच्या खाली असेल तर उतरू नका. २० च्या वर गेलं असेल तर मासा काठाकडे यायला लागला आहे असं धरा.

३. अंगावर काय, हातात काय

पायात जुने कॅनव्हासचे लेसवाले बूट आणि आत जाड मोजे घाला. गमबूट नको. चिखलात तो रुतून बसतो, आणि पाणी आत शिरलं की पाय उचलत नाही. अनवाणीही नको. ढिवर लोक अनवाणी उतरतात, कारण त्यांच्या तळपायाला तो तळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुमच्या-माझ्या पायाला शिंगाड्याचा काटा, फुटकी बाटली आणि बेशरमीचं खुंट एवढंच भेटतं. ज्या तलावात शिंगाड्याचं पीक घेतलं जातं तिथे तळाशी जुनी फळं पडलेली असतात. त्यांचा काटा चपलेच्या पातळ तळव्यातूनही वर येतो.

जीन्स घालू नका. भिजली की जड होते आणि वाळत नाही. ट्रॅकसूटसारखी घट्ट, हलकी पँट घाला. लुंगी, धोतर, सैल पायजमा झुडपात अडकतो. छातीपर्यंतची रबरी विजार कोणाकडे असेल तर कमरेला पट्टा आवळल्याशिवाय तिच्यात पाण्यात पाऊल टाकू नका. पडल्यावर ती पाण्याने भरते.

हातात हवी ती काठी. खांद्याइतकी उंच, अंगठ्यापेक्षा जाड, सरळ वाळलेल्या बांबूची. खालच्या टोकापासून तुमच्या मांडीच्या मध्याच्या उंचीवर लाल रंगाची चिंधी बांधा. चिंधी पाण्याखाली गेली की त्याच्या पुढे पाऊल नाही.

आणखी एक गोष्ट मी कोणालाही सोडू देत नाही: झाकण घट्ट लावलेली ५ लिटरची रिकामी प्लास्टिकची कॅन, मीटरभर दोरीने कमरेला बांधलेली. ती मागे तरंगत राहते, त्रास देत नाही, आणि पाय सुटला तर छातीशी धरल्यावर डोकं वर ठेवते. दुसरी, लांब दोर बांधलेली कॅन काठावरच्या सोबत्याजवळ असू द्या.

गरीचं सामान थोडकंच ठेवा:

- रोहू-मृगळासाठी ०.३० मिलिमीटरची दोरी आणि मध्यम गरी. पोठी, खवली असल्या बारीक माशांसाठी लहान गरी आणि त्याहून बारीक दोरी.
- मरळासाठी विणलेली मजबूत दोरी आणि मोठी गरी, कारण तो लागला की सरळ वनस्पतीत घुसतो.
- तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा गाभा बोटाच्या पेराएवढा. हिवाळ्यात मोठा तरंगा नको. चावा इतका हलका असतो की मोठ्या तरंग्यावर तो कळतच नाही.
- पक्कड, छोटी धारदार सुरी (जाळ्यात पाय अडकला तर कापायला), गळ्यात अडकवायची पिशवी.
- काठावर ठेवायला कोरडे कपडे, टॉवेल, थर्मासात चहा. हे सामान पाण्यापासून दूर, उन्हात ठेवा.

> इशारा: घोटभर दारू घेतली की अंगात ऊब येते, हा समज जीव घेतो. दारूने कातडीकडे रक्त वाढतं, ऊब वाटते आणि शरीर आतून लवकर गार पडतं. त्यात तोल आणि अंदाज दोन्ही जातात. प्यायलेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका, तो कितीही मोठा असला तरी.

४. पाळीवरून अर्धा तास नुसतं बघा

तलावावर पोचल्यावर सामान खाली ठेवा आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढा. चालताना गवतात काठी आपटत चला. घोणस हिवाळ्यातही फिरते आणि सकाळच्या उन्हाला पाळीवर, दगडांत पडून असते. पाण्यात दिसणारा विरोळा बिनविषारी असतो, त्याला मारू नका.

मामा तलावाची रचना ओळखा. पाळीच्या अंगाला तलाव सगळ्यात खोल असतो आणि जिकडून पावसाचं पाणी येतं तिकडे उथळ होत जातो. म्हणून उतरायचं ते नेहमी येव्याच्या अंगाने. पाळीवरून, दगडाच्या पिचिंगवरून कधीही नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला खोली असते आणि शेवाळाने पाय घसरतो. मोरी आणि सांडव्याच्या जवळपासही नाही.

उथळ अंगातही सगळा काठ सारखा नसतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि गार वारा उत्तर-ईशान्येकडून येतो. त्यामुळे उत्तरेचा काठ, जिथे मागे झाडी किंवा टेकडी वारा अडवते आणि समोरून ऊन पडतं, तो लवकर तापतो. येव्याची बाजू आणि उत्तरेचा काठ जिथे मिळतात तो कोपरा आधी बघा.

आता पाण्यावर नजर ठेवा. मरळ हवेतून श्वास घेतो, त्यामुळे ठरावीक वेळाने वर येऊन 'डुब्' करून खाली जातो. पाण्यावर एक गोल उठतो, पुढे सरकत नाही. कमळाचा देठ वारा नसताना हलत असेल तर त्याला मासा घासतो आहे. तळातून बारीक बुडबुड्यांची रांग पुढे-पुढे सरकत असेल तर मृगळ किंवा रोहू चरतो आहे. एकाच जागी सुटणारे बुडबुडे मात्र गाळातल्या वायूचे असतात, त्यांच्यामागे लागू नका. बगळे जिथे पाण्यात उभे आहेत तिथे बारीक मासा आहे. तिथे किती खोली आहे, तेही त्यांच्या पायांवरून दिसतं.

सारस किंवा हिवाळी बदकांचा थवा ज्या कोपऱ्यात उतरला आहे तो कोपरा सोडून द्या. तलाव मोठा आहे.

पाळीवरून आणखी एक बघायचं: वायरी. कास्तकारांचे मोटारपंप तलावात लागलेले असतात आणि त्यांच्या वायरी काठावरून, कधी पाण्यातून जातात. जोड उघडा असेल तर पाण्यात उतरलेला माणूस वाचत नाही. पंप सुरू असलेल्या बाजूला उतरू नका.

> तपासा: पाण्याच्या कडेला चिखलात एक काडी खोचा आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी काडीपासून मागे सरकलं असेल तर मोरीतून पाणी चाललं आहे. उतरत्या पाण्यात मासा काठ सोडतो. अशा दिवशी थोडी खोली असलेली कड काठावरूनच धरा.

५. पहिली गरी कोरड्या पायाने

इथे बहुतेकांचं चुकतं आणि इथेच सगळ्यात जास्त मासा हातचा जातो. दुपारी मासा उबेसाठी काठाशी आलेला असतो, अगदी वीतभर-हातभर पाण्यात. तुम्ही त्याच पाण्यातून तुडवत आत गेलात, तर ज्याच्यासाठी आलात त्यालाच हाकललंत. गढूळ झालेला तो पट्टा दुपारभर निवळत नाही.

म्हणून पाण्यापासून आठ-दहा पावलं मागे थांबा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. दुपारी सूर्य दक्षिणेकडे असल्याने उत्तरेच्या काठावर तुमची सावली मागे पडते, हाही त्या काठाचा फायदा. आधी अगदी कडेला गरी टाका, मग जरा पुढे, मग वनस्पतीच्या मोकळ्या झरोक्यांत. अशी काठाची पंचवीस-तीस पावलं हळूहळू धुंडाळा. मरळासाठी रबरी बेडूक (बेडकासारखं नकली आमिष) कडेच्या गवतावर टाकून पाण्यात अलगद घसरू द्या.

तासभर हे केल्यावर, आणि चावे थांबल्यावरच, उतरायचा विचार करा. पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही.

६. पाण्यात उतरणे

सोबत्याला काठावर उभं करा. तो गरी टाकत बसणार नाही, तुमच्याकडे बघणार. दोघांना टाकायची असेल तर पाळी लावा.

उतरण्याची जागा. जिथे गुरं पाण्यावर येतात ती वाट तळाला टणक असते, तिथून शिरा. पण तिथेच उभे राहू नका. म्हशी बसतात त्या पाण्यात लघवी-शेण असतं, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोसारखा आजार होऊ शकतो. पायाला उघडी जखम असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

पहिली पाच मिनिटं. घोट्याभर पाण्यात थांबा. पायांना गारव्याची सवय होऊ द्या, श्वास सावकाश होऊ द्या. चेहऱ्यावर, मानेवर थोडं पाणी लावा. एकदम मांडीभर पाण्यात गेलं की श्वास अडकल्यासारखा होतो आणि माणूस गडबडतो.

चाल. आधी काठी, मग पाय. काठी समोर टेकवा, दाबून बघा, डावी-उजवीकडे हातभर टेकवा. मग एक पाय न उचलता तळावरून सरकवत पुढे न्या. तो पक्का बसल्यावर दुसरा. पाय उचलून टाकणाऱ्याचा तोल एका पायावर असतो आणि खड्डा नेमका त्याच क्षणी येतो. सरकवत चालल्याने तळाशी पडलेली सिंगी, मांगूर यांना बाजूला व्हायला वेळही मिळतो. सरळ आत जाऊ नका. काठाला समांतर, तिरकस जा. आला त्याच वाटेने परत फिरता यावं म्हणून दर दहा-बारा पावलांवर एक काडी रोवत जा.

गाळ. काठी गाळात वीतभर शिरली तर चालेल. हातभर शिरली तर मागे फिरा. काळ्या मातीचा गाळ ओढून धरतो. पाय रुतलाच तर झटका देऊ नका, कारण एक पाय ओढताना दुसरा आणखी खोल जातो. काठी आडवी धरून तिच्यावर भार द्या, थोडं मागे रेला, टाच आतल्या आत गोल फिरवून बाजूने पाणी शिरू द्या, मग पाय तिरका बाहेर काढा. बूट राहिला तर राहू द्या.

मर्यादा. मांडीच्या मध्यापर्यंत. कमरेपर्यंत कधीच नाही. कमरेवर पाणी आलं की शरीर हलकं होतं, पायांचा तळावरचा दाब जातो आणि मासा लागल्यावरचा साधा झटकाही तोल घालवतो. मासा आणखी दोन वाव पुढे उडी मारताना दिसतो आहे, म्हणून माणसं पुढे जातात. तिथे थांबा. गरी लांब टाका किंवा तो मासा सोडा.

> इशारा: खड्ड्यात गेलात तर गरी, काठी सगळं सोडा. कॅन छातीशी धरा, पाठीवर व्हा आणि पाय मारत ज्या बाजूने आलात त्या बाजूला या. सोबत्याने पाण्यात उडी घ्यायची नाही. दोर बांधलेली कॅन फेकायची आणि ओढायचं. वाचवायला गेलेला दुसरा माणूस बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

७. उभं राहून गरी टाकणे

जागा मिळाली की दहा मिनिटं नुसते उभे राहा. गढूळपणा बसू द्या. या दहा मिनिटांत आमिष तयार करा.

रोहू-मृगळासाठी कणकेत जवसाची किंवा शेंगदाण्याची ढेप आणि भाजलेला कोंडा मळा. गोळी वाटाण्याएवढीच. उन्हाळ्यातली लिंबाएवढी गोळी हिवाळ्यात मासा नुसती हुंगून सोडतो. चारा म्हणून ढेप टाकायची तर एक मूठ, तीही एकदाच. मंद पचनाच्या माशाला पोटभर खाऊ घातलं की तो गरीकडे फिरकत नाही. मृगळ तळाशी चरतो, म्हणून गोळी तळाला टेकलेली हवी. रोहूसाठी तळापासून वीतभर वर. कतला वरच्या पाण्यातलं सूक्ष्म अन्न खातो आणि गोळीला क्वचितच लागतो, त्याच्यामागे हिवाळ्याची दुपार घालवू नये असं माझं मत आहे. बारीक माशाला आणि सिंगी-मांगुराला गांडुळाचा तुकडा पुरतो.

तरंगा बुडायची वाट बघू नका. थंड पाण्यात मासा गोळी ओठात धरून जागच्या जागी राहतो. तरंगा जरासा आडवा सरकतो, किंवा पडलेला उभा होतो, एवढंच. तेवढ्यावर मनगटाने हलका ताण द्या, खांद्यापासून झटका नाही.

मरळाचं उलट. रबरी बेडूक टाकल्यावर गोल विरेपर्यंत हलवू नका. मग वीतभर ओढा, थांबा, परत वीतभर. हिवाळ्यात मरळ पाठलाग करत नाही, समोर आलेलं घेतो. पाणी फुटल्याचा आवाज आला की लगेच ओढू नका. एक श्वास थांबा, दोरी ताणली गेली की मग ताण द्या. लगेच ओढणाऱ्याचा बेडूक हवेत उडतो आणि मरळ त्या जागेवर परत उठत नाही.

अर्ध्या तासात काही लागलं नाही तर खोलात जाऊ नका, काठाला धरून बाजूला सरका.

८. मासा लागल्यावर

पाय हलवू नका. आधी दोन्ही पाय जरा फाकवून पक्के करा, मग दोरी खेचा. माशामागे पाण्यात धावणं ही नवख्याची हमखास चूक आहे. मासा दमल्यावर त्याला तुमच्याकडे नाही, काठाकडे वळवा आणि तुम्ही काड्यांच्या वाटेने मागे या. मोठा मासा पाण्यात उभं राहून हातात धरायला जाऊ नका.

सिंगी आणि मांगुराच्या बाजूच्या पंखातला काटा विषारी असतो, सिंगीचा तर फारच. उघड्या हाताने धरू नका. ओल्या पोत्यात धरून पक्कडने गरी काढा.

गेल्या पावसाळ्यात सोडलेली रोहू-कतल्याची बोटुकली डिसेंबरात अजून लहानच असते. अशी पिल्लं लागली तर हात ओला करून, पोट न दाबता, पाण्याखालीच गरी काढून सोडा. संस्थेचं वर्षभराचं उत्पन्न त्यात असतं. कासव लागलं तर दोरी तोंडाजवळ कापून सोडा, कासव धरणं कायद्याने गुन्हा आहे. थाई मांगूर मात्र परत सोडू नका. त्यावर बंदी आहे आणि तो बाकीचे मासे खाऊन संपवतो. ओळखता येत नसेल तर संस्थेच्या माणसाला दाखवा.

९. बाहेर येणे: घड्याळावर, मनावर नाही

दर अर्ध्या तासाने बाहेर. सोबत्याने हाक मारायची आणि तुम्ही निमूट यायचं. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटीने लवकर अंगातली उष्णता खेचतं. २० अंशांचं पाणी हाताला बरं वाटतं, पण अर्ध्या-पाऊण तासात पायाची बोटं बधिर होतात. बधिर पायाला खड्ड्याची कड कळत नाही आणि पायात वांब (गोळा) आली तर मांडीभर पाणीही खोल ठरतं.

> तपासा: अंगठा करंगळीला टेकवून बघा. सहज टेकत नसेल, गाठ बांधता येत नसेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर त्या दिवसाची मासेमारी संपली.

बाहेर आल्यावर आधी ओले कपडे उतरवा, अंग कोरडं करा, मोजे-टोपी घाला, मग चहा. बधिर पाय थेट शेकोटीवर धरू नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. थरथर थांबल्याशिवाय दुसऱ्यांदा उतरायचं नाही. चार वाजल्यावर तर मुळीच नाही.

१०. घरी जाण्यापूर्वी

पाय उन्हात नीट बघा: बोटांच्या बेचक्यात, घोट्यामागे, पोटरीवर. जळू लागली असेल तर ओढू नका. नखाने तिच्या तोंडाकडची बाजू कातडीला धरून सरकवा, ती सुटते. जखम साबणाने धुवा.

सिंगीचा काटा लागला असेल तर तो भाग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना त्याने उतरते. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासा. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गरी किंवा शिंगाड्याचा काटा खोल शिरला असेल तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. डोळ्याजवळ रुतलेली गरी स्वतः काढायची नाही. साप चावला तर कापणं, बांधणं, मांत्रिक यात एक मिनिटही घालवू नका. माणसाला हलू-चालू न देता १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा.

तुटलेली दोरी, जाळ्याचे तुकडे खिशात घालून न्या. पाण्यात राहिलेल्या नायलॉनमध्ये पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. रोवलेल्या काड्या उपटून घ्या, नाहीतर रात्री डोंगा घेऊन येणाऱ्याचं जाळं त्यात फसतं. नवा खड्डा सापडला असेल तर जवळच्या काठावर उंच बांबू रोवून त्याला चिंधी बांधा. मग संस्थेच्या माणसाला किती आणि कोणता मासा लागला ते सांगा, आणि खड्डा कुठे आहे तेही दाखवा.